दोघांनंतर नव्हे, एकानंतर

पत्राचा सारांश: पुण्यातल्या एका चौसष्ट वर्षांच्या निवृत्त शिक्षिकेचं हे पत्र आहे. १९९८ मध्ये त्यांनी पतीसोबत दोघांच्या नावावर सहकारी सोसायटीत फ्लॅट घेतला. कर्जाचे हप्ते दोघांच्या पगारातून फिटले. पतीचं वय एकाहत्तर. मुलगा, सून आणि सात वर्षांचा नातू त्यांच्यासोबतच राहतात, मुलगी लग्नानंतर बंगळुरूला असते. सोसायटीत नॉमिनी म्हणून फक्त मुलाचं नाव आहे, त्यामुळे ‘सगळं झालेलं आहे’ असं पती म्हणतात. मुलगी मागे एकदा म्हणाली होती, ‘मला त्या घरातलं काही नको.’ आता शेजारच्यांनी सुचवलंय की मुलाच्या नावाने बक्षीसपत्र करून टाका, दोनशे रुपयांत होतं, नंतर कटकट नको. पतीची एकोणनव्वद वर्षांची आई गावी धाकट्या दिरांकडे असते, दोन नणंदा आहेत, आणि गावच्या सातबाऱ्यावर पतीचंही नाव आहे. ‘आमच्या दोघांनंतर घर मुलाकडे सुरळीत जावं, एवढंच हवंय,’ असं लिहून त्या विचारतात: बक्षीसपत्र करावं का? आणि मृत्युपत्राचा विषय काढला की हे उठून जातात, त्यांना कसं सांगू?

उत्तर:

तुमच्या पत्रात ‘आमच्या दोघांनंतर’ हे शब्द चार वेळा आले आहेत. ‘आमच्यापैकी एकानंतर’ असं मात्र एकदाही आलेलं नाही. दोघं एकाच दिवशी जात नाहीत. मधे काही वर्षं जातात, कधी दहा, कधी वीस. त्या वर्षांत मागे राहिलेल्याने कोणत्या घरात, कोणाच्या मर्जीवर राहायचं, हा पहिला प्रश्न आहे. घर पुढे मुलाकडे जाण्याचा प्रश्न त्याच्या मागून येतो. मुलावर अविश्वास दाखवा असं मी म्हणत नाही. कागद भरवशाच्या माणसांसोबतच करायचे असतात, पण त्यात स्वतःला विसरायचं नसतं.

आता नॉमिनीचं बघू, कारण तुमच्या यजमानांचा सगळा भार त्यावरच आहे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सभासद गेल्यावर सोसायटीने देखभालीचं बिल कोणाच्या नावे काढायचं, नोटीस कोणाला द्यायची, शेअर सर्टिफिकेट कोणाच्या हाती सोपवायचं, याची ती सोय आहे. महाराष्ट्रात सहकारी संस्था अधिनियमात २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं. त्यातलं कलम १५४ब-१३ सांगतं की नॉमिनीला ‘तात्पुरता सभासद’ म्हणून घ्यायचं, आणि तेही खरे वारस किंवा मृत्युपत्राने ज्याला घर मिळालंय तो सभासद होईपर्यंतच. कंपन्यांच्या शेअर्सच्या बाबतीतही नॉमिनी मालक होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं. तेव्हा मुलगा नॉमिनी आहे म्हणून घर त्याचं होत नाही. गंमत अशी की तुमची नेमकी अडचणही त्यामुळे होईल. यजमानांच्या पश्चात त्यांच्या हिश्श्यासाठी सोसायटी मुलाशी बोलेल, तुमच्याशी नाही.

मृत्युपत्र नसेल तर काय होतं, हे आणेवारीत मांडते म्हणजे डोळ्यांसमोर येईल. फ्लॅट सोळा आणे. खरेदीखतात कोणाचा हिस्सा किती हे लिहिलेलं नसेल आणि कोणी किती पैसे घातले याचा पुरावा नसेल, तर दोघांचे आठ-आठ आणे धरतात. (तुमच्या पगारातून हप्ते गेल्याची पासबुकाची जुनी पानं असतील तर ती रद्दीत घालू नका.) नाव दोघांचं आहे म्हणून एक गेल्यावर घर आपोआप दुसऱ्याचं होतं, हा समज घरोघरी आहे आणि तो चूक आहे. यजमान आधी गेले तर त्यांचे आठ आणे हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे पहिल्या वर्गातल्या वारसांत सारखे वाटले जातील. ते वारस कोण? पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई. तुमच्या सासूबाई हयात आहेत, म्हणजे चार वाटे, प्रत्येकी दोन आणे. हिशोब असा झाला: तुमचे दहा आणे, मुलाचे दोन, मुलीचे दोन, सासूबाईंचे दोन.

सासूबाईंचं नाव वाचून तुम्ही थबकला असाल. बहुतेक घरांत ते कोणाच्या गावीही नसतं. आता पुढचं बघा. सासूबाईही मृत्युपत्र न करता गेल्या, तर त्यांचे दोन आणे त्यांच्या मुलांकडे जातील: धाकटे दीर, दोन्ही नणंदा, आणि तुमच्या यजमानांच्या वाट्याला तुमची दोन्ही मुलं मिळून. म्हणजे पुण्यातला फ्लॅट विकायचा झाला तर गावचे दीर आणि दोघी नणंदा, प्रत्येकी अर्ध्या आण्याचे मालक म्हणून, सहीला हवेत. त्यांच्यातलं कोणी तोवर गेलेलं असेल तर त्यांची मुलं. भांडण नसलं तरी इतक्या सह्या जमवण्यात वर्ष-दोन वर्षं सहज जातात, आणि गिऱ्हाईक तेवढं थांबत नाही. हे सगळं टाळायला यजमानांच्या मृत्युपत्रातलं एक वाक्य पुरतं.

आता मुलीचं ‘मला नको’. त्याला कायद्याने आज काही किंमत नाही. तोंडी तर नाहीच, पण स्टँप पेपरवर लिहून नोटरी केलं तरी नाही. आईवडील हयात असताना पुढे मिळू शकणारा वारसा ही फक्त एक आशा असते. आशेचं हस्तांतर होत नाही, मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ६ तसं सांगतं. हक्क सोडायचा तो हक्क मिळाल्यावर, म्हणजे मृत्यूनंतर, आणि तोही दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेल्या हक्कसोडपत्राने. त्यातही ‘मी माझा हक्क सोडते’ एवढं मोघम लिहून चालत नाही. कोणाच्या लाभात सोडते, ते नाव हवं. अनेक मुली भाबडेपणाने भावाच्या लाभात सही करतात. तिथे आईचं नाव घालता आलं असतं, हे नंतर कळतं.

कायदा जरा बाजूला ठेवून एक विचारते. ती ‘नको’ म्हणाली ते कधी, आणि समोर कोण होतं? दिवाळीच्या जेवणात, भाऊ-वहिनीच्या देखत म्हणाली असेल तर तो तिचा चांगुलपणा होता, निर्णय नव्हता. तिला एकटीला फोन करा आणि ‘तुला नकोय ना?’ असं न विचारता ‘आम्ही असं असं ठरवतोय, तुला काय वाटतं?’ असं विचारा. मुलगा रोजचं करतो, दवाखान्यात तोच नेतो, म्हणून त्याला जास्त द्यावंसं वाटलं तर त्यात गैर काही नाही. स्वकष्टाच्या मिळकतीत तो तुमचा अधिकार आहे. पण मुलीला ते तुमच्या तोंडून कळावं. तुमच्या पश्चात वकिलाच्या तोंडून ऐकायची वेळ तिच्यावर येऊ नये. मृत्युपत्रावरची बरीच भांडणं रकमेपेक्षा ‘मला सांगितलं का नाही’ यावरून पेटतात.

बक्षीसपत्राकडे येते. शेजाऱ्यांचं ‘दोनशे रुपये’ खोटं नाही. राहती मिळकत पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा दिवंगत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिली तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क दोनशे रुपयेच आहे. स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा, त्याचा नक्की आकडा दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्यावा. पण स्वस्त आहे म्हणून घर देऊन टाकायचं का? बक्षीसपत्र नोंदवून मुलाने ते स्वीकारलं की त्या दुपारपासून तुम्ही दोघं त्या घरात मुलाचे पाहुणे झालात. मृत्युपत्र दहा वेळा बदलता येतं. बक्षीसपत्र मात्र तुम्हाला वाटलं म्हणून मागे घेता येत नाही.

आणि मुलगा कितीही चांगला असो, संकटं मुलाच्या स्वभावातून येत नाहीत. त्याने व्यवसायासाठी कर्ज काढलं, कोणाला जामीन राहिला, तर घर त्याचं असल्यामुळे घेणेकरी त्या घरावर येऊ शकतात. त्याहून अवघड शक्यता, जी लिहायला मलाही जड जातंय: मुलगा तुमच्या आधी गेला तर? मग त्याच्या पहिल्या वर्गातल्या वारसांत सून, नातू आणि आई म्हणून तुम्ही, अशा तिघांत घर वाटलं जाईल. वडील पहिल्या वर्गात येतच नाहीत. ज्यांनी घर उभं केलं, त्या तुमच्या यजमानांचा त्या घरात कायद्याने एक आणाही उरणार नाही.

‘पण म्हाताऱ्या आईवडिलांसाठी कायदा आहे ना?’ असं तुम्ही म्हणाल. आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि मुलाने सांभाळलं नाही, तर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात जाऊन ते हस्तांतर रद्द करून घेता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एका निकालात अशी अट घातलेली होती हे सिद्ध व्हायला हवं असं म्हटलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या निकालात कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने सैल लावला. पण सत्तराव्या वर्षी मुलाविरुद्ध अर्ज घेऊन प्रांतांकडे उभं राहणं हा बेत असू शकत नाही. काही कारणाने बक्षीसपत्र करायचंच ठरलं, तर दोन गोष्टी त्यातच लिहून घ्या: दोघांपैकी शेवटचं माणूस हयात असेपर्यंत त्या घरात राहण्याचा हक्क, आणि सांभाळाची अट, औषधपाण्यासकट, स्पष्ट शब्दांत. वकिलाचा छापील मसुदा जसाच्या तसा सही करू नका. त्यात ‘प्रेमापोटी व विनाअट’ असे शब्द बहुधा असतातच.

माझं मत विचाराल तर तुमच्या परिस्थितीत बक्षीसपत्र करू नये. दोघांनी दोन स्वतंत्र मृत्युपत्रं करावीत. एकाच कागदावर दोघांचं संयुक्त मृत्युपत्र नको. एक गेल्यावर दुसऱ्याला ते बदलता येतं की नाही, यावर वाद निघतात.

मृत्युपत्राला स्टँप पेपर लागत नाही, मुद्रांक शुल्कही नाही. साध्या कागदावर, हाताने किंवा टाइप करून, मराठीत लिहिलेलं चालतं. नोंदणी ऐच्छिक आहे. कायद्याला हवंय ते एवढंच: करणाऱ्याची सही आणि ती सही होताना पाहणाऱ्या किमान दोन साक्षीदारांच्या, त्याच्यासमोर केलेल्या, सह्या. लोक नेमके इथेच घसरतात. नोटरीकडे जाऊन शिक्का मारून आणतात आणि साक्षीदारांच्या जागी कोणाचीच सही नसते, किंवा साक्षीदार दुसऱ्या दिवशी आपापल्या घरी सह्या करतात. नोटरीचा शिक्का साक्षीदारांची जागा घेत नाही. दोघंही साक्षीदार एकाच वेळी समोर बसावेत अशी सक्ती नाही, पण बसवाच. पुढे वाद झाला तर त्यांच्यातल्या एकाला तरी कोर्टात येऊन सांगावं लागतं की सही माझ्यासमोर झाली. म्हणून साक्षीदार तुमच्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान, पत्ता सहसा न बदलणारे आणि मृत्युपत्रातून काहीही न मिळणारे निवडा. आत काय लिहिलंय हे त्यांना वाचायला देण्याची गरज नाही.

फ्लॅटचं वर्णन ‘माझा पुण्यातला फ्लॅट’ असं करू नका. सोसायटीचं नाव आणि नोंदणी क्रमांक, इमारत, मजला, फ्लॅट क्रमांक, चौरस फूट, सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे नंबर, १९९८ च्या करारनाम्याचा नोंदणी क्रमांक आणि तारीख, शेअर सर्टिफिकेटचा क्रमांक आणि त्यावरचे शेअर्स अमुकपासून अमुकपर्यंत, इतकं हवं. करारनामा समोर ठेवून उतरवून काढा, आठवणीतून लिहू नका. सर्व्हे नंबरात एक आकडा इकडचा तिकडे झाला तरी पुढे चूकदुरुस्ती करायला तुम्ही नसता.

यजमानांच्या मृत्युपत्रातलं मुख्य कलम साधारण असं असावं, नावं पूर्ण घालून:

‘सदर फ्लॅटमधील माझा संपूर्ण अविभक्त हिस्सा, सोसायटीतील शेअर्स व त्यासंबंधीच्या सर्व हक्कांसह, माझ्या पश्चात माझी पत्नी हिला पूर्ण मालकी हक्काने मिळावा. ती माझ्या अगोदर, अथवा माझ्यानंतर तीस दिवसांच्या आत मरण पावल्यास तो हिस्सा माझा मुलगा व माझी मुलगी यांना पुढे लिहिलेल्या प्रमाणात मिळावा.’

दुसरं वाक्य बऱ्याच मसुद्यांत नसतं. ज्याला दिलं तोच आधी गेला तर काय, हे लिहिलेलं नसलं की ते घर पुन्हा वारसा कायद्याच्या वाटणीत जाऊन पडतं. तीस दिवसांची मुदत अपघातासारख्या प्रसंगासाठी.

‘पूर्ण मालकी हक्काने’ हे तीन शब्द मी मुद्दाम घातले आहेत. पुष्कळ नवरे प्रेमानेच लिहितात, ‘पत्नीने हयातभर उपभोग घ्यावा, नंतर मुलाला मिळावं.’ ऐकायला छान वाटतं. पण हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ मध्ये एक गाठ आहे. स्त्रीला मर्यादित हक्क दिला आणि तो तिच्या पोटगीच्या मूळ हक्काबद्दल होता असं ठरलं, तर तो पूर्ण मालकीत बदलतो. तसं ठरलं नाही तर मर्यादितच राहतो. यावर पन्नासएक वर्षं उलटसुलट निकाल येत आहेत, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला. तुमच्या कुटुंबाला त्या गाठीत अडकवायचं कारण काय? शिवाय हयातीपुरत्या हक्कावर घर विकून लहान, लिफ्टच्या इमारतीत जाता येत नाही. उद्या गुडघे कुरकुरले तर तेच करावं लागेल.

उरलेली कलमं पटकन सांगते. आधीची सगळी मृत्युपत्रं रद्द. वर न लिहिलेली आणि पुढे मिळणारी मिळकत कोणाला, याचं एक वाक्य, म्हणजे विसरलेली एफडी किंवा उशिरा आलेला परतावा लोंबकळत राहत नाही. अंमलबजावणी करणाऱ्या व्यक्तीचं नाव, आणि ती नसेल तर पर्यायी नाव. वाटणी असमान असेल तर त्याचं कारण एका साध्या वाक्यात, टोमणा न मारता. सासूबाईंना हिस्सा द्यायचा नसेल तर ‘आईच्या सांभाळाची सोय वेगळी केलेली आहे’ असं लिहा, आणि ती सोय खरोखर करा. म्हणजे कोणी विसरलं असं दिसणार नाही. प्रत्येक पानावर सही, खाडाखोड असेल तिथे शेजारी सही, शेवटी तारीख आणि ठिकाण.

वय सत्तरच्या पुढे असलं की त्याच दिवशीचं डॉक्टरांचं पत्र जोडावं. नेहमीच्या डॉक्टरांच्या लेटरहेडवर, त्यांच्या नोंदणी क्रमांकासह, दोन ओळी: यांना आज तपासलं, स्थळ-काळ-व्यक्तीचं भान आहे, स्वतःचे निर्णय समजून घेण्यास सक्षम आहेत. आठवड्यापूर्वीचं पत्र उपयोगाचं नाही, सहीच्या दिवशीची स्थिती विचारतात. डॉक्टर स्वतः साक्षीदार झाले तर उत्तमच. आणि ज्याला जास्त मिळतंय, त्याने त्या दिवशी खोलीत नसावं. मुलाने वकील ठरवला, मुलाने मसुदा आणला, मुलाने गाडीतून नेलं, हे सगळं प्रेमापोटी असतं. कोर्टात त्याला ‘दबाव’ म्हणतात.

नोंदणी करावी का? करावी. निबंधकासमोर फोटो आणि अंगठा होतो, कागद हरवला तरी प्रत मिळते, गावच्या नोंदींना ते बरं पडतं. यजमानांना जाणं जमत नसेल तर सबळ कारण दाखवून अधिकारी घरी येण्याची तरतूद आहे. मात्र नोंदणीकृत मृत्युपत्राला आव्हान देता येत नाही ही समजूत काढून टाका. देता येतं. आणि नंतर केलेलं बिननोंदणीचं मृत्युपत्रसुद्धा आधीच्या नोंदणीकृत मृत्युपत्राला रद्द करू शकतं. प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा न्यायालयाचा दाखला, पुण्यातल्या मिळकतीसाठी सक्तीचं नव्हतं आणि नाही, वाद असेल तरच त्या वाटेला जावं लागेल.

आता तुमच्याबद्दल, कारण पत्रात तुम्ही स्वतःला कुठे धरलेलंच नाही. तुमचे आठ आणे तुमचे आहेत. तुमचं मृत्युपत्र करायला यजमानांची परवानगी लागत नाही, ते नाही म्हणाले तरी तुम्ही या आठवड्यात करू शकता. तुम्ही न करता आधी गेलात तर तुमच्या आठ आण्यांचे तीन वाटे होतील: यजमान, मुलगा, मुलगी. म्हणजे यजमानांनाही पूर्ण घर मिळणार नाही. तुमच्या मृत्युपत्रात त्यांच्यासाठी तेच कलम उलटं लिहा. दागिने कोणाला, तेही लिहा. बांगड्या वजनासकट, ‘मोठा हार’ असं न लिहिता ओळख पटेल असं. दागिन्यांवरून बिघडलेली नाती फ्लॅटवरून बिघडलेल्या नात्यांपेक्षा कमी नसतात.

मृत्युपत्र झालं की नॉमिनेशन त्याच्याशी जुळवून घ्यायचं. सोसायटीत जुनं बदलण्यासाठी नवा अर्ज तीन प्रतींत द्या, यजमानांच्या हिश्श्याला तुम्ही, तुमच्या हिश्श्याला ते. समितीच्या सभेत नोंद झाल्यावर एक प्रत सही-शिक्क्यासह परत घ्या. नुसती पोच पुरत नाही, नामनिर्देशन नोंदवहीत नाव चढलंय का ते स्वतः पाहा. बँकेत १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार नॉमिनीपर्यंत ठेवता येतात, ठेवींसाठी टक्केवारी ठरवून किंवा एकामागून एक, लॉकरसाठी फक्त एकामागून एक. प्रत्येक एफडीचं नॉमिनेशन वेगळं असतं. पावती काढून बघा, जुन्या पावत्यांवर लग्नाआधीचं कोणाचं तरी नाव निघालेलं मी पुष्कळ पाहिलंय. ‘दोघांपैकी कोणीही’ अशा खात्यात एक गेल्यावर दुसऱ्याला पैसे काढता येतात, पण मालकी मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसाप्रमाणेच ठरते.

मूळ मृत्युपत्र लॉकरमध्ये ठेवू नका. लॉकर उघडायला नॉमिनी लागतो, तो कोण हे बघायला कागद लागतो, आणि कागद लॉकरमध्ये! घरच्या कपाटात करारनामा, शेअर सर्टिफिकेट, कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र आणि मृत्युपत्र एकाच फायलीत ठेवा, आणि ती फाइल कुठे आहे हे मुलगा आणि मुलगी दोघांनाही सांगा. मुलाकडे कुलमुखत्यारपत्र आहे म्हणून निर्धास्त राहू नका. माणूस गेला की त्याच क्षणी ते संपतं. आणि ‘वारस दाखला’ मागायची वेळ आलीच तर लक्षात ठेवा, सक्सेशन सर्टिफिकेट येणी आणि रोख्यांसाठी असतं, घरासाठी नाही. घरासाठी दिवाणी न्यायालयातून वेगळा वारस दाखला घ्यावा लागतो.

गावच्या जमिनीत फार शिरत नाही. आधी सातबाऱ्यावरचा फेरफार क्रमांक बघून जुने फेरफार काढा, जमीन यजमानांकडे कशी आली ते कळेल. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची असेल तर मुलीचाही त्यात जन्माने हक्क आहे, तो यजमानांना मृत्युपत्राने काढून घेता येणार नाही. ‘माझ्या वाट्याला येणारा हिस्सा’ एवढंच ते देऊ शकतात, आणि तेवढं लिहून ठेवलं तरी पुरे.

हे सगळं हिंदू कायद्याप्रमाणे. वाचकांपैकी ख्रिस्ती किंवा पारशी असतील त्यांनी ध्यानात ठेवावं की तुमच्यात साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला दिलेलं रद्द होतं, आणि ख्रिस्ती वा पारशी व्यक्तीने लग्न केलं की तिचं आधीचं मृत्युपत्रही संपतं. मुस्लिम वाचकांना मृत्युपत्राने सर्वसाधारणपणे एक तृतीयांशच देता येतं, बाकी शरियतच्या वाट्याप्रमाणे.

राहता राहिले यजमान. ‘मृत्युपत्र’ हा शब्द वापरूच नका. रविवारी सकाळी फायली काढून बसा आणि म्हणा, ‘माझं मी लिहून टाकतेय. फ्लॅटचा सर्व्हे नंबर सांगा बरं.’ तो सांगताना त्यांनाच करारनामा शोधावा लागेल. मग सासूबाईंचे दोन आणे त्यांना कागदावर मांडून दाखवा, दिरांच्या आणि नणंदांच्या अर्ध्या अर्ध्या आण्यासकट. नॉमिनेशनवर भरवसा ठेवणारी माणसं बहुधा हिशोबी असतात, त्यांना मरणाची चर्चा नको असते पण चुकलेला हिशोब मुळीच चालत नाही. तरीही ते उठून गेले तर जाऊ द्या. तुम्ही तुमचं पूर्ण करा, आणि साक्षीदार घरी येतील त्या दिवशी चहाच्या टेबलावर त्यांच्या मसुद्याची एक कोरी प्रत ठेवून द्या.